फवारणीचा सल्ला एआयवर सोडावा का? शेतकरी कंपनीच्या कार्यालयासाठी एक उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्यवस्थापक ताईंचा प्रश्न आहे. कार्यालयात मोजकी माणसं. शेतकरी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, कार्यालयातला मुलगा ते एआयला दाखवतो आणि मिळालेला सल्ला गटावर टाकतो. विम्याच्या शंका, सातबाऱ्यावरून सभासदांच्या याद्या, बँकेची पत्रं, सभेचं इतिवृत्त हेही आता तिथूनच होतं. कृषी सल्लागार नोकरी सोडून गेले आहेत आणि ती जागा भरायची गरज उरली नाही असं संचालकांचं म्हणणं आहे. गेल्या आठवड्यात एका सल्ल्यात औषधाचं प्रमाण चुकलं, ते एका शेतकऱ्यानं ओळखलं. यात धोका किती आणि संचालकांना काय सांगायचं, असं ताई विचारतात.

ताई, आधी त्या चुकलेल्या सल्ल्याचं बघा. गटावर दुरुस्तीचा संदेश टाकून थांबू नका, कारण पहिला संदेश तोवर दुसऱ्या चार गटांवर गेलेला असतो. कंपनीच्या औषधांच्या दुकानातून त्या आठवड्यात ते औषध कोणी नेलं हे बिलबुकात आहे. त्या प्रत्येकाला फोन करा. वावराच्या मालकाशी बोलून झालं की ज्यानं पंप पाठीवर घेतला त्या माणसाशीही बोला. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, डोळ्यांची आग होते का, अंधुक दिसतं का, घाम सुटतोय का, हे विचारा. यातलं काही असेल तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, त्याला सरळ दवाखान्यात न्या आणि औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. आत कोणता घटक होता त्यावर उपचार ठरतो. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या विषबाधेत ॲट्रोपिन देतात, पण ते प्रत्येक औषधावरचा उतारा नाही.

मी कृषी विस्ताराच्या कामात बरीच वर्षं काढली आणि आता अशा कंपन्यांच्या कार्यालयांची घडी बसवायला मदत करतो. एआय मी स्वतः वापरतो, ते कार्यालयातून हाकलून द्या असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एकच आहे: जे काम तुमच्या कार्यालयात यंत्राशिवाय कोणालाच येत नाही, ते काम यंत्राला देऊ नका. ज्याला ते येतं तो यंत्राची चूक पकडतो. ज्याला येत नाही तो फक्त पुढे ढकलतो, आणि आपल्याकडे ढकललेली चूक शेवटी ज्या माणसाच्या अंगावर जाते त्यानं तो संदेश वाचलेलाही नसतो. रोजंदारीवर फवारा मारायला आलेल्या मजुराला कोण विचारतं की हे प्रमाण कुठून आलं?

२०१७ चा हंगाम यवतमाळच्या माणसाला सांगावा लागत नाही. त्या वर्षी फवारणीतून विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो रुग्णालयात भरती झाले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवेत दमटपणा, दोन-तीन औषधं एकाच पंपात, तोंडाला रुमालाशिवाय काही नाही. चौकशी पथक बसलं, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली. तेव्हा एआय कुठेच नव्हतं. पण त्या वर्षी जे मिसळून मारलं गेलं ते बऱ्याचदा कोणीतरी सांगितलं म्हणून मारलं गेलं, आणि सांगणाऱ्यानं वावर पाहिलेलं नव्हतं. तुमच्या गटावरच्या सल्ल्यातही नेमकं तेच होतं आहे. म्हणून मला या बाबतीत गप्प बसवत नाही.

आता फोटोचं घ्या. पऱ्हाटीचं पान लाल पडलं की फोटो येतो. आपण त्याला लाल्या म्हणतो, पण कारणं वेगवेगळी असतात: मॅग्नेशियम कमी पडलं, बोंडं भरताना नत्र कमी पडलं, तुडतुड्यांनी रस शोषला, मुळाशी पाणी साचलं, किंवा रात्रीची थंडी एकदम वाढली. फोटोत पानाची वरची बाजू आणि रंग दिसतो. तुडतुडे पानाच्या खाली असतात. पाणी साचलंय की नाही हे धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एआय त्या लाल रंगावरून शक्यता मांडतं आणि त्यातली एक ठामपणे पुढे ठेवतं. मॅग्नेशियम सल्फेटचा सल्ला दिला तर फारतर पैसे वाया जातील. पण तुडतुडे समजून कीटकनाशक दिलं आणि दुखणं मुळाशी असलं, तर पैसे गेले, मित्रकीटक गेले आणि एका माणसाच्या अंगावर विनाकारण विष उडालं.

आकस्मिक मर तर यापेक्षा नाजूक आहे. बरेच दिवस पावसाचा खंड, मग एकदम जोराचा पाऊस, आणि काही तासांत झाडं माना टाकतात. हा बुरशीचा रोग नाही, मुळांचा श्वास कोंडल्याचा प्रकार आहे. पहिला उपाय म्हणजे लगेच चर काढून पाणी बाहेर घालवणं. कोमेजलेल्या झाडाचा फोटो पाहून एआयनं बुरशीजन्य मर ठरवून बुरशीनाशकाची यादी दिल्याचं मी पाहिलं आहे. यादीतली औषधं खरी होती, रोग चुकीचा होता. शेतकरी औषध आणायला तालुक्याला गेला असता तर पाणी काढायचा वेळ हातचा गेला असता. खंडानंतर पाऊस झाला का, हा एक प्रश्न विचारला असता तर सगळं उलगडलं असतं. अनुभवी सल्लागार तो प्रश्न आधी विचारतो. यंत्राला जेवढं सांगाल तेवढ्यावर ते उत्तर बांधतं.

गुलाबी बोंडअळीचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे एआयचं उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. हेक्टरी ५ म्हणजे एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे) लावा, सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, किंवा फुलं-बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव दिसला तर फवारा, हे ते नीट सांगतं. पण काल रात्री सापळ्यात किती पतंग पडले, हे त्याला कोण सांगणार? डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, कोणी मोजल्या? हिरवी बोंडं तोडून, फोडून आत कोणी पाहिलं? बोंड वरून निरोगी दिसतं आणि आत अळी असते. कॅमेऱ्याला ती दिसत नाही. नियम पाठ असणं आणि वावर पाहणं ही दोन कामं आहेत. पहिलं आता फुकट मिळतं, म्हणून संचालकांना वाटतं की दुसऱ्याचीही गरज संपली.

प्रमाणाच्या चुका कशा होतात हेही समजून घ्या, म्हणजे गेल्या आठवड्यातली चूक पुन्हा होणार नाही. लेबलवर मात्रा बहुतेक हेक्टरी असते, सोबत पाणी किती लिटर ते असतं. शेतकऱ्यांसाठीच्या माहितीच्या घडीपत्रिकांत ती १० लिटर पाण्याला दिलेली असते. शेतकऱ्याचा पंप १५-१६ लिटरचा असतो. त्यात पॉवर स्प्रेसाठी, म्हणजे इंजिनवरच्या पंपासाठी, मात्रा तिप्पट करा, असं जुन्या शिफारशींच्या खाली लिहिलेलं असतं, कारण त्या पंपाला पाणी कमी लागतं. आता बॅटरीवरचा पंप घरोघरी आला आहे. तो पॉवर स्प्रे नव्हे. पण 'पंप मशीनचा आहे' असं शेतकऱ्यानं लिहिलं आणि ते यंत्राला दिलं, की तिप्पट मात्रा येऊ शकते, तीही स्वच्छ तक्त्यात मांडलेली. तक्ता सुबक असला की तपासायचं कोणाच्या मनात येत नाही.

दुसरं, एकाच कीटकनाशकाचे टक्के वेगवेगळे असतात. ५ टक्क्यांचं आणि १.९ टक्क्यांचं अशी एकाच घटकाची दोन रूपं दुकानात असली तर घटकाच्या नावावरून काढलेली मात्रा चालत नाही, डब्यावरची बघावी लागते. शिवाय इंटरनेटवर जुन्या शिफारशी ढिगानं पडून आहेत. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचं उदाहरण घ्या. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून मनाई आहे आणि २०२३ च्या आदेशानं ३६ एस.एल. हे रूप टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं. पण त्याआधीची कित्येक वर्षं ते शिफारशींत होतं, त्यामुळे यंत्र ज्या मजकुरावर शिकलं त्यात ते भरपूर आहे. एआय वाचलेल्या मजकुराच्या वळणानं पुढचे शब्द जुळवतं. कोणता कागद रद्द झाला याची खात्री ते स्वतः करून घेत नाही. इंटरनेटवर शोधून उत्तर देणारं असलं तरी जुनं पान वर आलं तर तेच उचलतं.

इथे कायद्याचाही मुद्दा आहे आणि तो संचालकांना आधी पटेल. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत वापरायचं हे केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती ठरवते, तेच लेबलवर येतं. विक्रीच्या परवान्यासाठी कृषी किंवा विज्ञानाची ठराविक पदवी, नाहीतर मान्य पदविका असलेली व्यक्ती लागते. तुमच्या कंपनीचं कृषी केंद्र आहे, म्हणजे परवान्यावर कोणाची तरी पात्रता दाखवलेली असणार. ती गेलेल्या सल्लागारांची असेल तर जागा भरायची की नाही हा पगाराचा प्रश्न राहतच नाही. परवाना काढून आजच बघा.

यंत्र चुकलं, आम्ही काय करणार, असं म्हणून सुटता येत नाही, हे बाहेरच्या देशांत ठरूनही गेलं आहे. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला भाडेसवलतीचा चुकीचा नियम सांगितला. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा बचाव कंपनीनं केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणानं तो फेटाळला आणि पैसे द्यायला लावले. त्याआधी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी एआयनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले, त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. तुमच्या गटावर सल्ला कंपनीच्या नावानं जातो. शेतकऱ्याच्या मनात त्याखाली तुमची सही असते.

विम्याच्या शंकांचं उत्तर तर मी कधीही सरळ एआयकडून देऊ देणार नाही. नियम दर हंगामाला हलतात. महाराष्ट्रात खरीप २०२३ पासून १ रुपयात पीकविमा होता, तो खरीप २०२५ पासून बंद झाला आणि शेतकऱ्याला पुन्हा विमा रकमेच्या टक्क्यांत हप्ता आला: खरिपाच्या अन्नधान्य आणि गळितधान्याला जास्तीत जास्त २ टक्के, कपाशीसारख्या नगदी पिकाला जास्तीत जास्त ५ टक्के. त्याच वेळी राज्यानं स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान वगैरे बाबी वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक वावरांत पीक कापून मोजलेल्या, उत्पन्नावर नेली. ७२ तासांत कळवा, हे वाक्य मात्र जुन्या हजारो पानांवर आहे आणि यंत्र ते मोठ्या विश्वासानं सांगतं. कल्पना करा, अतिवृष्टीत वावर खरडून गेलेल्या माणसानं तुमच्या उत्तरावर विसंबून विमा कंपनीला फोन लावला, कळवलं असं समजून तो निश्चिंत झाला, आणि शासनाच्या मदतीसाठी गावात पंचनामे चालू असताना तो तिथे गेलाच नाही. विमा वेगळा, पंचनामा वेगळा, हे त्याला सांगायला माणूस हवा. हमीभावाचंही तसंच. लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा भाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ चा ८,११०. उत्तरात वर्ष लिहिलेलं नसेल तर तो आकडा गटावर टाकूच नका. त्या हंगामाचा शासन निर्णय किंवा परिपत्रक उघडून, त्याची तारीख वाचून मगच उत्तर द्यायचं, एवढी शिस्त पुरे.

सातबाऱ्यावरून याद्या करायला एआय दिलं तर वेळ वाचतो, यात शंका नाही. पण तिथे क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग). ०.८१ म्हणजे ८१ आर, म्हणजे साधारण दोन एकर. यादीच्या मथळ्यात 'एकर' लिहिलेलं असेल तर यंत्र कधी कधी तोच आकडा तसाच खाली उतरवतं आणि दोन एकरांचा माणूस पाऊण एकराचा होतो. मोबाईलवर काढलेल्या फोटोत १ आणि ९ यांची गल्लत होते. पोटखराब्याचं, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, क्षेत्र लागवडयोग्य क्षेत्रात मिसळतं. सामाईक खात्यात कोणाच्या नावासमोर किती, हे तर माणसालाही दोनदा वाचावं लागतं. बियाणं वाटप किंवा कर्जाची शिफारस या यादीवरून होणार असेल तर एकानं मूळ उतारा वाचायचा आणि दुसऱ्यानं यादीवर खूण करायची. जुनी पद्धत आहे, तीच ठेवा.

आधार कार्ड, पासबुक, फार्मर आयडी यांचे फोटो मोफत ॲपवर चढवणं आजपासून बंद करा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. सभासदानं कागद तुम्हाला भागभांडवलासाठी दिला होता, ॲपवर चढवायला नाही.

आता ज्या धोक्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं त्याबद्दल. तुमच्या कार्यालयातला तो मुलगा. तो हुशार असेल, मेहनती असेल. पण दोन हंगाम त्यानं फोटो पुढे ढकलले तर तो वावरात जायचा थांबेल आणि बोंड फोडून पाहायचं शिकणारच नाही. हे अनुभवी माणसांनाही लागू आहे. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांवरचा अभ्यास २०२५ मध्ये आला. एआयची मदत सुरू होण्याआधी त्यांना २८.४ टक्के तपासण्यांत पुढे कर्करोग होऊ शकेल अशा गाठी सापडायच्या. मदतीची सवय लागल्यानंतर एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत ते प्रमाण २२.४ टक्क्यांवर आलं. ही वर्षानुवर्षं तयार झालेली नजर होती. आपला मुलगा तर अजून शिकतोच आहे. त्याची नजर तयारच झाली नाही तर पाच वर्षांनी तुमच्या कंपनीत एआयची चूक ओळखणारं कोणीच उरणार नाही, आणि तोवर गावातली जाणती माणसंही थकलेली असतील.

मग एआय कशाला वापरायचं? बँकेला पत्र, वार्षिक सभेची नोटीस, इंग्रजी परिपत्रकाचं पहिलं वाचन, एक्सेलमधलं सूत्र, प्रशिक्षणाचा फलक. इथे चूक झाली तर तुम्हाला दिसते आणि सुधारता येते. इतिवृत्ताचा मसुदाही चालेल, पण ठराव सभेत जसा झाला तसाच लिहिला आहे का हे सभेला बसलेल्या माणसानं वाचायचं. न झालेली चर्चाही ते सुंदर भाषेत लिहून देतं.

पिकाच्या सल्ल्यात त्याला एकच जागा द्या: सल्लागाराच्या मागे. फोटो आला की मुलानं एआयला 'कोणतं औषध' हे विचारायचं नाही. 'हे लक्षण दिसल्यावर वावरात काय काय तपासावं' हे विचारायचं. ती यादी घेऊन शेतकऱ्याला फोन, नाहीतर सरळ वावरात. औषधाचं नाव आणि मात्रा फक्त पात्र माणसानं, डब्यावरचं लेबल समोर ठेवून, स्वतःच्या नावानं सांगायची. आणि एक नोंदवही ठेवा: तारीख, शेतकरी, गाव, पिकाची अवस्था, काय पाहिलं, काय सांगितलं, कोणी सांगितलं, पुढे काय झालं. शेवटचा रकाना रिकामा राहतो हे मला ठाऊक आहे. तोच भरून घ्या.

संचालकांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यासमोर एक चाचणी करा. जुन्या सल्लागारांच्या काळातले, ज्यांचं पुढे काय झालं हे माहीत आहे असे प्रश्न काढा. लाल्याचे, मरीचे, सोयाबीनच्या खोडमाशीचे, चक्रीभुंग्याचे. तेच प्रश्न, तेच फोटो एआयला द्या आणि उत्तरं कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला तपासायला द्या. किती चुकली यापेक्षा कोणती चुकली आणि ती चूक कार्यालयातल्या कोणाच्या लक्षात आली असती, हे सभेत मांडा. दुकानात औषध विकणारे संचालकही शेतकरीच आहेत. मजुराच्या अंगावर चुकीची मात्रा गेली तर काय होतं हे त्यांनी याच जिल्ह्यात पाहिलं आहे.

पगार खरंच परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन कंपन्यांनी मिळून एक सल्लागार ठेवावा, वार ठरवून घ्यावेत. पण मग परवान्यावर कोणाची पात्रता दाखवायची, हे कृषी अधिकाऱ्यांना विचारून आधी लेखी करून घ्या. आणि त्या मुलाला कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीच्या 'देसी' पदविकेला बसवता येईल का, याची जिल्ह्याच्या आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात चौकशी करा. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा तो अभ्यासक्रम आहे, वर्षभर चालतो आणि त्यात शेतभेटीही असतात. सल्लागार मिळेपर्यंत कंपनीच्या गटावर औषधाचं नाव किंवा मात्रा टाकायची नाही, आलेला प्रश्न कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (आधीचे कृषी सहायक) पाठवायचा, असा ठराव याच सभेत करून घ्या.